पाळक आणि पंतोजी : नगरच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची जडणघडण

एखादे देवालय पाहावयास गेले असता ते कोणी बांधिले हे शिलालेखावरून कळते. परंतु त्यात रोज सायंकाळी दिवा कोण लावीत आले हे कोणत्याही शिळेवर कोरलेले नसते. धर्मसंस्थांच्या इतिहासाचे बरेचसे असेच आहे. संस्थापकांची नावे राहतात आणि दिवा लावणारे विस्मृतीत जातात. महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळीचा इतिहास वाचताना गॉर्डन हॉल, सॅम्युअल नॉट, हेन्री बॅलंटाइन ही नावे ठळकपणे समोर येतात. त्यांची योग्यता मोठीच होती. तथापि परदेशातून आणलेले रोप या जमिनीत रुजले ते कोणाच्या हातून, असा प्रश्न केला तर उत्तरासाठी दुसरीकडे वळावे लागते. ते उत्तर म्हणजे खेड्यातील शाळेचे पंतोजी आणि मंडळीने आपलेच म्हणून मानलेले देशी पाळक. अहमदनगरची हकीकत याचे उत्तम उदाहरण आहे. या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. परंतु ज्या काळाविषयी येथे सांगावयाचे आहे त्या काळी लोक त्यास नगर म्हणत, म्हणून येथेही तेच नाव योजिले आहे.

अमेरिकन मिशनचे पहिले उपदेशक १८१३ साली मुंबईस उतरले. छापखाना आणि शाळा ही त्यांची दोन मुख्य साधने होती. १८१७ पासून त्यांच्या छापखान्यातून मराठी पुस्तके निघू लागली आणि १८२६ साली संपूर्ण नवा करार मराठीत छापून झाला. शाळांचीही संख्या वाढली; पण शाळा चालवावयाच्या तर शिक्षक हवेत, आणि ख्रिस्ती शिक्षक तर कोणी नव्हतेच. तेव्हा हिंदू पंतोजी आणि बेने इस्रायल समाजातील शिकलेले गृहस्थ नेमण्यात आले. ज्या धर्माचा स्वतः स्वीकार केलेला नाही त्या धर्माचे पुस्तक मुलांकडून वाचवून घ्यावयाचे आणि महिनाअखेर पगार घ्यावयाचा, अशी ही चमत्कारिक व्यवस्था होती. अक्षरज्ञान पसरले यात शंका नाही. परंतु मंडळी उभी राहावयाची तर पुस्तक वाचणाऱ्यापेक्षा त्या पुस्तकाप्रमाणे वागणारा मनुष्य शेजारी असावा लागतो.

असा मनुष्य नगरास मिळाला तो बाबाजी रघुनाथ यांच्या रूपाने. १८३१ च्या अखेरीस ग्रेव्ह्ज, रीड आणि हर्वी हे तीन मिशनरी नगरास राहावयास गेले, तेव्हा बाबाजीही त्यांजबरोबर होते. जन्माने ते ब्राह्मण. नगरात निराश्रित, आंधळे आणि पंगू लोकांसाठी एक आश्रयगृह होते. तेथे बाबाजी जात, त्या लोकांत बसत आणि त्यांच्या भाषेत त्यांच्याशी बोलत. नगरच्या मंडळीचे आरंभीचे सभासद याच गोरगरिबांतून आले. ज्यांची सावली टाळावी असे बाबाजींना लहानपणापासून शिकविले गेले होते, त्यांच्याच शेजारी ते जाऊन बसले. हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता. हर्वी १८३२ साली वारले आणि १८३३ साली बाबाजीही महामारीला बळी पडले. त्याच वर्षी नगरची मंडळी रीतसर स्थापन झाली. पाळकाची दीक्षा न मिळालेला हा मनुष्य त्या मंडळीचा पहिला खरा शिक्षक होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

येथे पाळक आणि शिक्षक यांतील भेद सांगणे अवश्य आहे. शिक्षकाने शाळा चालवावी, शास्त्र वाचून दाखवावे, प्रार्थना करावी, आजाऱ्याला भेटावे. परंतु बाप्तिस्मा देणे आणि प्रभुभोजनाचा विधी चालविणे हा अधिकार दीक्षित पाळकाचा. ज्या मंडळीला स्वतःचा पाळक नाही तिला या दोन्ही संस्कारांसाठी साहेबाची वाट पाहत बसावे लागे. अमेरिकन मिशनचे लोक ज्या पंथाचे होते त्या पंथात प्रत्येक मंडळी स्वतंत्र असते आणि आपला पाळक आपणच निवडते. असे असूनही मिशन मुंबईत आल्यापासून तब्बल ४१ वर्षे या मिशनात एकाही देशी मनुष्यास पाळकाची दीक्षा मिळाली नव्हती. लोक अजून तयार नाहीत असे मिशनऱ्यांस वाटे. पण जबाबदारी अंगावर पडल्यावाचून कोणी तयार होत नाही, हे शाळेतील अनुभवाने कोणताही शिक्षक सांगेल.

हा दिवस १८५४ च्या अखेरीस उगवला. हरिपंत रामचंद्र ख्रिस्ती आणि रामकृष्णपंत विनायक मोडक या दोघांना त्या वेळी नगरात पाळक म्हणून दीक्षा देण्यात आली. शहरातील मंडळीचे दोन भाग करून एकेक भाग एकेकाच्या हवाली करण्यात आला. दोघेही ब्राह्मण कुळात जन्मलेले आणि १८३९ च्या सुमारास मंडळीत आलेले. त्या काळी धर्मांतर म्हणजे काय याची कल्पना आज येणे कठीण आहे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाचे, श्रीपतीचे, प्रकरण न्यायालयात गेले आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावे की न घ्यावे यावरून साऱ्या शहरात वादळ उठले होते. घर, जात, पंगत, वडिलोपार्जित मान हे सारे एका दिवसात सुटत असे. हे सर्व सोसलेला मनुष्य पंधरा वर्षांनी पाळक झाला, तेव्हा त्याच्यापुढे बसलेल्या लोकांत महारवाड्यातून आलेली कुटुंबे होती. त्या सर्वांनी एकाच भाकरीचे तुकडे घ्यावयाचे आणि एकाच प्याल्यातून प्यावयाचे. पाळकाच्या हातून ती भाकरी दिली गेली, त्या क्षणी जे घडले ते शंभर प्रवचनांनी साधले नसते. नारायण शेषाद्रींनाही स्कॉटिश मिशनात १८५४ सालीच दीक्षा मिळाली आणि पुढे त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. एकाच वर्षी दोन मिशनांत हे घडले ते निव्वळ योगायोगाने नव्हे. दोन्हीकडे पहिली पिढी आता प्रौढ झाली होती.

नगरच्या या घटनेस आणखी एक कारण होते. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे त्याच सुमारास हिंदुस्थानात आले होते. मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण भागवावा आणि आपला प्रसार आपणच करावा, हे त्यांचे सूत्र. परदेशी मिशनरी म्हणजे इमारत उभी राहीपर्यंतची परांची. ती कायम ठेवावयाची नसते, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. त्यांच्या आग्रहाने देशी पाळकांना वाट मिळाली आणि शिक्षण मराठीतून द्यावे यावर भर आला. मात्र त्याच आग्रहापायी मुंबईतील मिशनची इंग्रजी शाळा बंद झाली. खेड्यापुरते शिकलेले पाळक पुरेत, ही समजूत कालांतराने अपुरी ठरली. १८८२ साली नगरास मिशन हायस्कूल निघाले, ही एक प्रकारे त्या चुकीची दुरुस्तीच होती. तत्त्व योग्य असले तरी ते दुसऱ्यासाठी ठरविताना मनुष्य त्याची मर्यादाही दुसऱ्याच्या वतीने ठरवून टाकतो, हे या प्रकरणावरून दिसते.

आता शहर सोडून खेड्याकडे वळू. नगर, नेवासे, राहुरी या बाजूच्या गावांत मंडळी उभी राहिली ती शाळेच्या आधाराने. शाळा म्हणजे बहुधा महारवाड्यातील एखादी खोली, नाही तर झाडाची सावली. दिवसा मुले गुरांमागे जात, म्हणून रात्री कंदिलाच्या उजेडात वर्ग भरावयाचा. पंतोजीने आठवडाभर मुळाक्षरे आणि पाढे शिकवावयाचे आणि रविवारी त्याच जागी उपासना चालवावयाची. कोणाचे पत्र वाचून दाखविणे, कोणाचा अर्ज लिहून देणे, सावकाराच्या कागदावर अंगठा उठविण्यापूर्वी त्यात काय लिहिले आहे ते सांगणे, ही कामे कोणी नेमून दिलेली नव्हती. तरी ती त्याच्याकडेच येत. गावात पटकी किंवा प्लेग आला की घरोघर फिरणारा तोच. लग्न जुळविण्यात तो, भांडण मिटविण्यात तो आणि माती द्यावयासही तोच. पाळक महिन्या-दोन महिन्यांनी गावी येऊन संस्कार करी. परंतु त्या संस्काराला जे अर्थ प्राप्त होत ते मधल्या दिवसांत या शिक्षकाच्या वागणुकीतून.

त्याची स्थिती मात्र सुखाची नव्हती. महार कुटुंब ख्रिस्ती झाले की गावकीची कामे आणि बलुते यांचा प्रश्न उभा राही. देवस्थानाच्या विधींत भाग न घेणाऱ्यास भाकरी का द्यावी, असे गाव विचारी. तेव्हा पाटलासमोर उभे राहावे लागे ते याच पंतोजीला. उलटपक्षी त्याचा पगार मिशनकडून येत असल्यामुळे मंडळीतील लोकही कधी कधी त्यास साहेबाचा नोकर समजत. पाळकाचीही तीच अडचण. मंडळीने पाळकाचे वेतन द्यावे हे सूत्र बोलावयास सोपे. पण ज्या मंडळीतील मनुष्य स्वतः बलुत्यावर जगतो ती वेतन देणार कशातून? तरीही मूठभर धान्य, कोंबडी, अंडी, सुगीचा एखादा पायलीभर दाणा, अशा रीतीने वर्गणी जमत गेली. पैशाच्या हिशेबात ती क्षुल्लक होती. परंतु ज्याला आपण धान्य देतो तो पाळक आपला, ही भावना त्या मुठीने निर्माण केली.

शिक्षकांच्या या परंपरेत स्त्रियांचा वाटाही मोठा आहे. सिंथिया फॅरर या अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठविलेल्या पहिल्या अविवाहित शिक्षिका. १८२७ साली त्या मुंबईस आल्या, पुढे नगरास मुलींच्या शाळा चालविल्या आणि १८६२ साली नगरातच देह ठेविला. त्यांना पाळकाची दीक्षा नव्हती आणि त्या काळी मिळणेही शक्य नव्हते. परंतु त्यांची शाळा पाहूनच जोतीराव फुले यांच्या मनात मुलींच्या शिक्षणाचा विचार दृढ झाला आणि १८४८ साली पुण्यास त्यांची शाळा निघाली. मंडळीसाठी लाविलेल्या दिव्याचा उजेड मंडळीबाहेर किती दूर गेला, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. पोटासाठी धर्म बदलला, असा टोमणा तेव्हापासून ऐकू येऊ लागला. त्यात काहीच तथ्य नव्हते असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भुकेल्या मनुष्याचे सर्व हेतू शुद्ध असावेत ही अपेक्षा पोट भरलेल्यांनी करावी हेही शोभत नाही. प्रश्न एवढाच की, दुष्काळ सरल्यावर हे लोक राहिले कसे? जेथे शिक्षक होता तेथे ते टिकावयास आधार मिळाला. ही निकड ओळखूनच १८७८ साली नगरास पाळक व उपदेशक तयार करणारी धर्मशिक्षणाची शाळा निघाली आणि रॉबर्ट ह्यूम यांनी तिची धुरा वाहिली. १८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ मुलांचा भार आला, तेव्हाही या शाळेतून आणि खेड्यांतून तयार झालेलीच माणसे कामास आली.

अक्षरओळख नसलेल्या मंडळीला शिकविण्याचे दुसरे साधन म्हणजे गायन. बॅलंटाइन यांनी मराठीत गीते रचिली. १८६५ साली स्वदेशी परतताना ते समुद्रप्रवासातच वारले. परंतु चाल परकी असेल तर शब्द मराठी असूनही जिभेवर बसत नाही. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी १८६० नंतरच्या दशकात ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात पाडला. टाळ, मृदंग, आख्यान, मध्येच विनोद आणि शेवटी बोध, हा सगळा थाट श्रोत्यांच्या रक्तातला. जे प्रवचनात पेंगत ते कीर्तनात रात्रभर बसत.

या सर्व धाग्यांचा एक गोफ नारायण वामन टिळक यांच्या चरित्रात दिसतो. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नगरच्या धर्मशाळेत अध्यापन केले आणि १९०४ साली पाळकाची दीक्षा घेतली. शिक्षक, पाळक आणि कवी हे तिन्ही त्यांच्यात एकत्र आले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात नगर आणि राहुरी येथील त्या संसाराचे जे दर्शन घडते, त्यावरून पाळकाचे घर हीच मंडळीची खरी शाळा कशी असते ते कळते. १९१७ साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडिले आणि ‘देवाचा दरबार’ हा नवा मार्ग धरिला. ख्रिस्त मानणाऱ्या मराठी मनुष्याने मिशनच्या दारात उभे राहू नये, आपल्या देशबांधवांत उभे राहावे, ही त्यांची तळमळ. दोनच वर्षांनी त्यांचे देहावसान झाले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ भरला नाही. परंतु महारवाड्यातील मूठभर धान्यापासून सुरू झालेला प्रश्न त्यांनी अखेरपर्यंत नेऊन ठेविला : मंडळी कोणाची?

या प्रश्नाचे उत्तर संस्थारूपाने यथाकाळ मिळत गेले. १९२४ साली उत्तर हिंदुस्थानातील संयुक्त मंडळी अस्तित्वात आली. १९४७ साली भा. पां. हिवाळे यांनी नगरास महाविद्यालय स्थापिले. पंतोजींच्या परंपरेला आलेले ते फळच होय. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली आणि ती संयुक्त मंडळी तिच्यात विलीन झाली. अँडरसन यांनी सांगितलेली परांची एकदाची उतरविली गेली.

परंतु परांची उतरल्यावर भिंत उभी राहते ती आतल्या चुन्याच्या बळावर. तो चुना कंदिलाच्या उजेडात मुळाक्षरे गिरवून घेणाऱ्या आणि पटकीच्या दिवसांत दार ठोठावणाऱ्या माणसांनी कालविला होता. त्यांपैकी बहुतेकांची नावे राहिली नाहीत. त्यांनी शिकविलेल्यांची मुले मात्र वाचू लागली, गाऊ लागली आणि आपला पाळक आपण निवडू लागली.