कोल्हापूर प्रकरण व पत्रांची पारख

इ. स. १८८२ च्या कोल्हापूर प्रकरणाची हकीकत महाराष्ट्रांत बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु ती प्रायः तुरुंगवासापासून सांगितली जाते, तक्रारीपासून नव्हे. दफ्तरें चाळणाऱ्या वाचकांस तक्रारच अधिक उद्बोधक वाटेल, म्हणून हें टिपण.

जानेवारी १८८१ मध्यें निघालेल्या 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनीं करवीरचे तरुण छत्रपति चौथे शिवाजी महाराज यांच्या हालांविषयीं लिहून कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांस दोषी ठरविलें. आधार म्हणून कांहीं पत्रें पुढें आलीं. तीं खुद्द बर्व्यांचीं म्हणून सांगण्यांत आलीं. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि पत्रें बनावट ठरलीं. आगरकर व टिळक यांनीं माफी मागितली, तथापि १७ जुलै १८८२ रोजीं मुंबई हायकोर्टानें उभयतांस चार महिन्यांची साधी कैद दिली. डोंगरीच्या तुरुंगांतून ते २६ आक्टोबर रोजीं सुटले. त्या १०१ दिवसांचें वर्णन आगरकरांनीं पुस्तकरूपानें केलें आहे. (जामिनासाठीं जोतीराव फुल्यांनीं खटपट केली, हें पुढील मतभेद पाहतां मुद्दाम लक्षांत ठेवण्याजोगें आहे.)

आपली सहानुभूति त्या दोघां तरुणांकडे सहज वळते, व तें स्वाभाविकच आहे. पण म्हणून फिर्यादी खोटा ठरत नाहीं. आपण न लिहिलेल्या पत्रांवरून आपणांस अपराधी ठरविलें गेल्यास कोणीही दाद मागेल. बर्व्यांच्या या बाजूस आमच्या चरित्रग्रंथांत क्वचितच चार ओळी मिळतात.

पुढें २५ डिसेंबर १८८३ रोजीं अहमदनगरच्या किल्ल्यांत, गोऱ्या रक्षकाशीं झालेल्या झटापटींत, महाराजांचा अंत झाला. तेव्हां संपादकांची काळजी अगदींच निर्मूल नव्हती, असें म्हणावयास जागा आहे. परंतु धुक्यास धूर समजून पर्वतावर अग्नि आहे असें जो म्हणतो, त्याचा हेतु नैयायिक असिद्धच मानतात. मग तेथें खरोखर अग्नि कां निघेना! बनावट पत्रानें महाराजांचें दुःख खोटें होत नाहीं, आणि दुःख खरें म्हणून पत्रही खरें होत नाहीं. उलट, त्या कागदांनीं महाराजांचा कैवार घेणाऱ्यांचाच शब्द कोर्टांत हलका केला.

असो. त्या काळचीं करवीरचीं खासगी पत्रें कोणा संग्राहकाच्या हातीं आल्यास, नक्कल करण्यापूर्वीं तीं कोणी आणलीं, कोणत्या घरून आलीं, याचें टांचण करावें, व बर्व्यांच्या नांवाचें पत्र असल्यास त्यांच्या निःसंशय हस्ताक्षराशीं तें ताडून पाहावें.