वॉर्डची काचपेटी आणि गृहोद्यान

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनची हवा दगडी कोळशाच्या धुराने दूषित झालेली होती. तेथील डॉक्टर नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांनी घरी लावलेले नेचे या धुराने मरून जात. १८२९ मध्ये त्यांनी पतंगाचा कोष ओलसर मातीसह एका झाकलेल्या बाटलीत ठेवला असता त्या मातीत नेचा व गवत आपोआप उगवले. दिवसाच्या उष्णतेने वर चढलेली ओल काचेवर जमून पुन्हा मातीतच उतरते, हे त्यांच्या ध्यानात आले. या निरीक्षणातून त्यांची काचपेटी सिद्ध झाली. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून ऑस्ट्रेलियाकडे धाडलेली रोपे जिवंत पोचली.

१८४२ च्या आपल्या ग्रंथात वॉर्ड यांनी गरिबांचे जीवन सुधारण्याच्या कामीही या पेटीचा विचार केला आहे. तथापि इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ पर्यंत चालू होता, आणि पुढेही ही पेटी मुख्यतः सुखवस्तू दिवाणखान्यांचे भूषण ठरली. तिने रोप धुरापासून वाचविले. तो धूर मात्र माणसांच्या वाट्याला तसाच राहिला. साधनाचे यश नोंदविताना त्याची ही मर्यादाही इतिहासाने नोंदविली पाहिजे.