एका रोगाचा इतिहास आणि त्याचा जमाखर्च

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत पाककृती येतात, ओव्या येतात, यात्रेची वर्णने येतात. या खेपेस मी एका रोगाचा इतिहास लिहिण्याचे योजिले आहे. विषय संकोचाचा आहे खरा. पण संकोचापायीच हा रोग वाढला. म्हणून आपण गृहिणींनी तो जाणून घेणे बरे.

अशा रोगांविषयी आपल्या मराठीत उघड लिहिणारे र. धों. कर्वे हे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गेली, कोर्टात दंड भरावा लागला. लोकांच्या आरोग्याचा हा खर्च एका माणसाने पदरमोड करून सोसला.

एड्सच्या विषाणूची लागण आपल्या देशात प्रथम उघडकीस आली ती १९८६ साली, मद्रासला. ती शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. डॉ. निर्मला या त्यांच्या विद्यार्थिनीने रक्ताचे नमुने गोळा केले होते. एका स्त्रीने शोधावे व दुसरीने मार्ग दाखवावा, ही आपल्याला अभिमानाचीच गोष्ट होय.

पुढे १९९२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यास जागतिक बँकेचे कर्ज होते. त्याच वर्षी पुण्यात, भोसरीस, राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. तिचे इंग्रजी नाव आद्याक्षरांनी 'नारी' असे होई. नाव योगायोगाने पडले, पण ते सार्थ ठरले.

ते कसे, पाहा. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी झाली. त्यांतील ५२५ जणी देहविक्रय करणाऱ्या होत्या. त्यांच्यात निम्म्यांना लागण होती. उरलेल्या ३९१ जणी तसला व्यवसाय न करणाऱ्या. त्यांच्यातही शेकडा १३.६ जणींना लागण निघाली. डॉ. रमण गंगाखेडकर व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे प्रसिद्ध केले. या स्त्रिया दवाखान्यात आलेल्या होत्या, तेव्हा हा आकडा साऱ्या शहराचा नव्हे. पण एकाच नवऱ्याशी संसार करणाऱ्या बाईलाही घरातूनच लागण होते, हे जगाला पुण्याने दाखविले. मुलांच्या पुस्तकांसाठी आपण अप्पा बळवंत चौकात जातो; तिथून बुधवार पेठेतील ती वस्ती किती लांब? 'तिकडचा रोग' म्हणून तो तिकडे राहात नाही.

आता पैशाचे. १९९८ मध्ये महाराष्ट्राची एड्स नियंत्रण सोसायटी झाली. तपासणी, समुपदेशन, निरोधांचे वाटप, वस्त्यांतून काम हे सारे ती पाहते. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत औषधे मोफत मिळू लागली. २०१४ पासून मात्र केंद्राचा पैसा थेट सोसायट्यांकडे न जाता राज्यांच्या तिजोरीतून जाऊ लागला आणि २०१५ मध्ये अनेक राज्यांत तो वेळेवर पोचेना. कामगारांचे पगार थकले. मंजूर रक्कम कागदावर होती, पण वाण्याची उधारी कागदाने भागत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावे? पुढे २०२१ ते २०२६ च्या टप्प्यास १५,४७१ कोटींहून अधिक रुपये, सर्व केंद्राचे, मंजूर झाले.

या खर्चाचे चीज झाले. २०१० ते २०२१ या काळात देशातील नव्या लागणी सुमारे ४६ टक्क्यांनी घटल्या. तरी २०२१ च्या अंदाजाप्रमाणे सर्वांत जास्त बाधित, सुमारे ३ लाख ९४ हजार, महाराष्ट्रातच होते. म्हणूनच घटलेला आकडा दाखवून कोणी खर्चाला कात्री लावू म्हणेल तर आपण विचारले पाहिजे. एक पावसाळा घर गळले नाही म्हणून पुढच्या वर्षी कौले चाळायची कोणी सोडते काय?

आपल्या हातचेही काही आहे. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, हळदीकुंकवाला बोलावल्याने हा रोग होत नाही. गरोदरपणी तपासणी करून वेळेवर औषध घेतले तर बाळ बहुधा वाचते. बाधिताला नोकरीतून किंवा शाळेतून काढण्यास २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. सुनेला, लेकीला, कामाला येणाऱ्या बाईला एवढे सांगणे काही अवघड नाही. त्याला सरकारी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.