ऐतिहासिक कादंबरीतला मुदपाकखाना

मराठीत ऐतिहासिक कादंबरीची वाट रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या ‘मोचनगड’ने १८७१ मध्ये पाडली. पुढे इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ १८९८ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेव्हा लढाया, तह आणि तिथी यांबाबत मनास येईल ते लिहिणे कादंबरीकाराला अवघड होत गेले. मुदपाकखान्यावर, म्हणजे राजवाड्यातील स्वयंपाकघरावर, मात्र असा पहारा बसला नाही. कारण जे पदार्थ रोज ताटात येतात ते अनादि काळापासून आपलेच असावेत, असे लेखक आणि वाचक दोघेही गृहीत धरतात.

या बाबतीत उपासाच्या ताटाइतके फसवे दुसरे काही नाही. सतराव्या शतकातील एखाद्या वाड्यात एकादशीला साबुदाण्याची खिचडी वाढली गेली, तर पिकांचा इतिहास जाणणारा वाचक त्या वाडग्यापाशीच थबकतो आणि पुढची खलबते त्याच्या कानांवरून जातात. बटाटा अँडीज पर्वतातला, भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, मिरचीही अमेरिका खंडातलीच. साबुदाणा ज्या कंदापासून निघतो तो कसावासुद्धा तिकडचाच, आणि त्यापासून साबुदाणा करण्याचा धंदा तमिळनाडूतील सेलम भागात उभा राहिला तो थेट १९४० च्या दशकात. त्याऐवजी वरीचे तांदूळ शिजवले तर हरकत घेता येत नाही. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण त्यांच्याकडे तो आधी रताळ्यासाठी वापरला जाई. त्यामुळे जुन्या युरोपीय वृत्तान्तात तो शब्द दिसला म्हणून आजचा बटाटाच समोर होता असे म्हणता येत नाही. सीताफळाचे नाव सीतेचे असले तरी त्याचे मूळही अमेरिकेतलेच मानले जाते.

मिरचीचा निवाडा काळ पाहूनच करावा लागतो. ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरली, म्हणून शिवकालीन मावळ्याच्या भाकरीवर ती असल्यास आक्षेप घेण्याचे कारण नाही. परंतु ‘ज्ञानेश्वरी’ शके १२१२ मधली, म्हणजे १२९० ची, आणि कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ मध्ये, तेव्हा यादवकालीन चुलीवर मिरचीची फोडणी तडतडणे हा दोनशे वर्षांचा घोटाळा ठरतो. तंबाखूचेही असेच आहे: मोगल दूत असद बेगने ती विजापुराहून अकबराच्या दरबारी नेली ती सतराव्या शतकाच्या आरंभी, त्यामुळे आदिलशाही सरदाराच्या हाती हुक्का शोभतो, देवगिरीच्या रामदेवरायाच्या हाती नाही.

यादवकाळाविषयी लिहिणाऱ्यास आधार नाही असेही नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात तिखटपणासाठी मिरी येते, हिंग आणि सैंधव येतात, पुऱ्या आणि वडे येतात. कादंबरीकाराने ते प्रकरण उघडावे; फक्त नदीकाठच्या शेतांतील काळे उंदीर रांधण्याची कृतीही त्यातच दिलेली आहे.