बागेंतले जुने रहिवासी

लोणारचें नांव काढलें कीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें तें प्रसिद्ध खारें तळें उभें राहतें. अशनीच्या आघातानें काळ्या बेसाल्ट खडकांत पडलेला सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा तो खड्डा पाहण्यास देशोदेशींचे विद्वान येतात व खडकांची परीक्षा करून जातात. मीं या गांवीं शाळामास्तरकींत आयुष्य घालविलें. खडकांचें ज्ञान मला नाहीं. मी आज बोलणार आहें तें विवरांतील झाडींत व भोंवतालच्या बागांत राहणाऱ्या लहान रानटी जनावरांविषयीं. खार, मुंगूस, उदमांजर, वटवाघूळ आणि उंदरांचीं नाना कुळें, हे सारे बागेचे शत्रु कीं मित्र, हा प्रश्न जुना आहे. आणि माणसानें वेळोवेळीं त्याचीं जीं उत्तरें दिलीं, त्यांचाहि एक इतिहास आहे.

त्या इतिहासांत शिरण्यापूर्वी माझी स्वतःची एक चूक सांगतों. माझ्या वडिलांची गांवाबाहेर लहानशी बाग होती. मी मॅट्रिकच्या परीक्षेस बसलों त्या वर्षीं पपईचीं पिकत आलेलीं फळें रोज सकाळीं कुरतडलेलीं सांपडूं लागलीं. एके दिवशीं उजाडतां उजाडतां एक मुंगूस झाडाखालून धांवत जातांना मीं पाहिलें आणि तत्काळ निकाल दिला. सांपळा लाविला, तिसऱ्या दिवशीं तें सांपडलें, व मीं तें काठीनें मारिलें. फळें कुरतडणें मात्र थांबलें नाहीं. महिनाभरांत बांधाला उंदरांचीं बिळें वाढलीं, आणि दोन केळी मुळाशीं पोखरल्यामुळें आडव्या झाल्या. वडील रागावले नाहींत. ते एवढेंच म्हणाले, "अरे, चोर रात्रीं येऊन गेला, आणि तूं सकाळच्या राखणदाराला मारलेंस."

हीच चूक मोठमोठ्यांनींहि केली आहे. परंतु प्रथम एका डोळस माणसाची गोष्ट सांगतों. वॉल्टर एलियट नांवाचा एक इंग्रज अधिकारी धारवाडकडील मराठी मुलखांत नोकरीस होता. तेथील सस्तन प्राण्यांची त्यानें केलेली यादी १८३९ सालीं मद्रासच्या एका विद्वत्पत्रिकेंत प्रसिद्ध झाली. त्याचे खरे गुरु कोण, म्हणाल तर बिळें खणून उंदीर पकडणारे वडार लोक. कोणता उंदीर कोठें राहतो, कोण धान्याचें कोठार करितो, हें सर्व त्यांना तोंडपाठ होतें. शेतांतल्या एका मऊ केसांच्या उंदराला वडार 'मेट्टाड' म्हणत. त्यावरूनच त्याचें 'मेलटाडा' हें शास्त्रीय नांव १८३७ सालीं पडलें. म्हणजे आमच्या वडारांचा शब्द लंडनच्या शास्त्रज्ञांच्या वहींत जाऊन बसला!

या एलियटनें १८२६ सालची हकीकत दिली आहे. काळ्या जमिनीला उन्हाळ्यांत भेगा पडतात व हे उंदीर त्यांत राहतात. पाऊस चांगला लागला कीं भेगा मिटतात, आणि पुष्कळ उंदीर आंतल्या आंत मरतात. त्या वर्षीं पाऊस कमी पडला, भेगा तशाच राहिल्या, आणि उंदीर बेसुमार वाढले. त्यांनीं पेरलेलें बीं खाल्लें, उगवलेलीं कणसेंहि तोडलीं. शेवटीं रयतेनें वडारांना धान्य देऊन हजारों उंदीर मारविले. काळी जमीन वऱ्हाडांतहि आहे, आणि तिला भेगाहि तशाच पडतात. म्हणून ही हकीकत आम्हांला परकी वाटत नाहीं.

पुढें १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ संपतो न संपतो तोंच दख्खनच्या सोलापूर, नगर, पुणें या भागांत उंदरांचा असाच उच्छाद झाला. सरकारनें मारलेल्या उंदरांबद्दल बक्षिसें लाविलीं. दुष्काळांतून वांचलेल्या शेतकऱ्याच्या तोंडचा घांस उंदरांनीं हिरावला, तेव्हां त्याला उंदरांची दया यावी असें कोण म्हणेल? त्याची मारण्याची घाई समजण्यासारखी आहे. परंतु मारतांना कोणाला मारतों आहों, हें कळणें तितकेंच अवश्य असतें.

तें न कळल्यास काय होतें, याचें उदाहरण आपल्याच मुंगसानें सातासमुद्रापलीकडे घालून दिलें आहे. जमैका बेटांत उंसाच्या मळ्यांना उंदरांनीं त्रासविलें होतें. एस्प्यूट नांवाच्या मळेवाल्यानें १८७२ सालीं कलकत्त्याहून ९ मुंगसें नेऊन तेथें सोडलीं. प्रथम उंदीर कमी झाले, आणि सर्वत्र त्याची वाहवा झाली. जमैकांतील मुंगसें १८८३ सालीं हवाई बेटांतहि गेलीं. पण झाडांवर राहणारे उंदीर त्यांच्या हातीं लागेनात. मुंगसें कोंबड्यांकडे, जमिनीवर अंडीं घालणाऱ्या पक्ष्यांकडे व सरड्यांकडे वळलीं. येथें जें राखणदार, तेंच तेथें लुटारू झालें. दोष मुंगसाचा नव्हे. त्याचें घर बदलणाऱ्याचा.

आतां आपल्या प्रांताकडे परत येऊं. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें १९११ सालीं हिंदुस्थानांतील सस्तन प्राण्यांची पाहणी हातीं घेतली. आरंभ खानदेशांत झाला, आणि लगेच पुढें वऱ्हाडाची पाळी आली. क्रंप नांवाचे संग्राहक रानोमाळ हिंडून नमुने जमवीत, आणि जंगलखात्यांतून निवृत्त झालेले रॉटन त्यांची परीक्षा करीत. याच रॉटनांनीं १९०५ सालीं, सुरतेकडील मांडवी तालुक्यांतील नमुन्यावरून, पाठीवर पांच पट्टे असलेल्या खारीला स्वतंत्र नांव दिलें होतें. तीन पट्ट्यांची खार लिनीयसनें १७६६ सालींच नोंदविली होती. रोज अंगणांत दिसणाऱ्या खारीचे पट्टे मोजण्याला शास्त्राला इतकीं वर्षें लागलीं. मग माझ्यासारख्या पोरानें मुंगसाला चोर ठरविलें, यांत नवल तें काय?

वस्तुतः चोर ओळखणें फारसें कठीण नाहीं. खार दिवसां येते व फळ वरून कुरतडते. झाडाखालीं चोखून टाकलेला चोथा पडला असेल, तर तें काम वटवाघळाचें. एकाच ठिकाणीं फळांच्या अख्ख्या बियांनीं भरलेली विष्ठा दिसली, तर रात्रीं उदमांजर येऊन गेलें असें समजावें. बांधाला ताज्या मातीचे ढीग लागले असतील, तर उंदीर किंवा घुशी. वटवाघूळ व उदमांजर फळ खातात हें खरें. पण त्याच फळाचें बीं तीं दूरवर नेऊन टाकतात. विवरांतील बाभळी, चिंचा व शिंदी यांचे एकांत एक पट्टे जुन्या गॅझेटियरांत वर्णिलेले आहेत. तेथील प्रत्येक शिंदी कांहीं माणसानें लाविलेली नाहीं.

कायद्याचीहि दृष्टि आतां बदलली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत फळें खाणारीं वटवाघळें उंदीर व कावळा यांच्या पंक्तीला, उपद्रवी प्राण्यांच्या यादींत बसविलेलीं होतीं. २०२२ च्या दुरुस्तीनें ती यादीच काढून टाकली.

लोणारला तर हा विचार अधिकच लागू आहे. धारेच्या गोड्या पाण्याच्या आधारानें विवराच्या पोटांत केळी, पपया यांची लागवड होत असे. तीवरील खतें व औषधें पावसाबरोबर तळ्यांत उतरतात, असा इशारा अभ्यासकांनीं दिला, आणि ती शेती थांबविण्याचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. २००० सालीं येथें अभयारण्य झालें. २०२० सालीं तळें रामसर यादींत आलें. या तळ्यांतून बाहेर वाहणारा एकहि ओढा नाहीं. जें आंत गेलें तें आंतच राहिलें. कडेच्या आंत टाकलेल्या विषाची पुडी उंदरापाशीं थांबेल, असा भरंवसा कोणीं द्यावा?

श्रोतेहो, ज्यांच्या बागा आहेत त्यांनीं फळांची राखण करूं नये, असें मी म्हणत नाहीं. जाळें लावा, घड झांका, बिळें शोधा. फक्त काठी उचलण्यापूर्वी एक रात्र जागून पाहा, कीं येतो तो कोण. ती एक रात्र मीं त्या वर्षीं जागून काढली असती, तर वडिलांच्या बागेचा राखणदार वांचला असता.