तंबूतला पडदा

चित्रपटाचा इतिहास लिहिणारे मुंबईपासून आरंभ करतात, आणि ते योग्यच आहे. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. 1932 साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'ने मराठीला पडद्यावर वाचा दिली. परंतु चित्रपट निर्माण झाला ही निम्मीच हकीकत. तो कोठे लागला आणि कोणी पाहिला, ही उरलेली निम्मी. आणि ती मी आमच्या परभणी जिल्ह्यातून सांगणार आहे.

सप्टेंबर 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषाही उर्दू. मराठी राहिली ती घरात, शेतात आणि कीर्तनात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात. माझे बालपण नेमके या सांध्यावरचे. पक्के थिएटर शहरात. आम्हा खेडवळांचा सिनेमा यायचा तो मालमोटारीतून, जत्रेच्या नाही तर उरुसाच्या मुहूर्तावर. दिवसा तंबूचे खांब उभे राहत, तिन्हीसांजेला कर्णा वाजू लागे, आणि इंजिनाची धडधड सुरू झाली की गावातल्या चुली लवकर विझत.

यंत्र एकच असे. दोन हजार फुटांचे रीळ वीस-बावीस मिनिटांत संपे, आणि दुसरे चढवीपर्यंत अंधार. त्या अंधारात शिट्ट्या, शेंगदाण्याची टरफले आणि कोणाचे तरी हरवलेले पोर! आमच्या गावी आलेल्या एका तंबूत पडदा मध्यभागी बांधला होता. पुढल्या बाजूला पुरुष, मागल्या बाजूला बायका. मी लहान म्हणून आईजवळ बसलो होतो. शाळेत नुकताच वाचायला शिकलेला. पडद्यावरची नावे उलटी दिसताच मी तक्रार केली. आई म्हणाली, "उलटी असू दे, नाही तर सुलटी. मला कुठं वाचता येतंय?"

त्या रात्री 'श्यामची आई' होता. आचार्य अत्र्यांचा हा चित्रपट 1953 सालचा, राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळविणारा. आमच्या गावी पोचायला त्याला बरीच वर्षे लागली. एरवी हिंदी चित्रपट असला म्हणजे आई शेजारणीला सारखी विचारी, "काय म्हणाला गं तो?" त्या रात्री तिने कोणालाच काही विचारले नाही. आपल्या भाषेतला चित्रपट म्हणजे काय, हे मला तेव्हा समजले.

ही गोष्ट आपलीच आहे असेही नाही. दूर फिलिपाइन्समध्ये होसे नेपोमुसेनो यांनी 1919 साली 'दालागांग बुकिद' हा पहिला स्वदेशी कथापट काढला. त्या वेळी तेथे अमेरिकेचे राज्य होते. राज्य 1946 साली गेले, हॉलिवूडचे चित्रपट मात्र राहिले. पुढे 1975 साली मनिला महानगराचा चित्रपट महोत्सव सुरू झाला. नाताळच्या दिवशी तो सुरू होतो, आणि त्या ऐन कमाईच्या दिवसांत तेथली थिएटरे देशी चित्रपटांनाच राखलेली असतात. आपल्याकडेही एप्रिल 2015 मध्ये राज्य सरकारने बहुपडदा थिएटरांत मोक्याच्या वेळी मराठी चित्रपट दाखवण्याचा आग्रह धरला. हेतू उत्तमच. पण मनात येते, ज्या गावात पडदाच उरला नाही, तेथे मोक्याची वेळ कोणती?

कारण तंबू आता जवळजवळ मोडलेच. आधी दूरदर्शन आले, मग व्हिडिओ. फिल्मची रिळेही गेली. 2016 साली कान महोत्सवात 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट गौरविला गेला, तो महाराष्ट्रातल्या याच फिरत्या तंबूंवरचा. निरोपाचा सोहळा मोठा झाला, एवढेच.

आज माझा नातू हातातल्या फोनवर हवा तो चित्रपट पाहतो, अक्षरेही सुलटी. त्याबद्दल माझी कुरकुर नाही. परंतु तो एकटा पाहतो. आमच्या तंबूत पडद्याच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी डोळे पुसले जात, आणि इंजिन बंद पडले तरी कोणी उठून जात नसे. इतिहासात नोंद करायची ती या बसून राहिलेल्या माणसांची.