सुपे, सुपा आणि गरिबीचे गणित

आपला जोयडा तालुका पूर्वी सुपा तालुका म्हणून ओळखला जाई. काळी नदीवरच्या धरणात जुने सुपा गाव बुडाले, नाव धरणाला राहिले. उळवीही याच सुपा तालुक्यातली. याच नावासारखे दुसरे गाव पुणे जिल्ह्यात आहे, सुपे. १८६२ मध्ये उत्तर कानडा मुंबई इलाख्याला जोडला गेल्यावर दोन्ही ठिकाणे एकाच सरकारच्या कागदांत आली. जुन्या कागदांतून आपल्या भागाची माहिती काढताना 'गरीब मुलूख म्हणजे गुन्ह्यांचा मुलूख' असे समीकरण मनात येते. ते तपासायला हे पुण्याकडचे सुपे फार उपयोगी पडते.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. कर्जखते आणि वह्या जाळल्या. लोण अहमदनगरपर्यंत गेले, तीसहून जास्त गावे सापडली, ९५१ जणांना अटक झाली. मात्र दंगेखोरांचा रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. सावकाराने खते मुकाट्याने दिली तर बहुतेक ठिकाणी मारहाण झाली नाही.

आता सुपे काही सर्वांत दरिद्री गाव नव्हते. ती बाजारपेठ होती. दुकानदार, सावकार तिथेच राहत. म्हणजे पैसा आणि कर्जदार समोरासमोर होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१–६५) इथल्या कापसाला भाव आला, कर्ज सहज मिळाले. युद्ध संपताच भाव पडले, सावकारांनी हात आखडता घेतला, त्यातच काही भागांत सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. नुसत्या गरिबीने दंगा झाला असता तर तो १८७६–७८ च्या भीषण दुष्काळात सर्वांत मोठा व्हायला हवा होता. तेव्हा धान्याची लूट, चोऱ्या झाल्या. पण खते जाळण्याची लाट दुष्काळाच्या आधीच येऊन गेली होती.

फ्रान्समध्ये गेरीने १८३३ मध्येच नकाशे काढून असेच काहीसे दाखवले होते. मालमत्तेचे गुन्हे श्रीमंत उत्तरेकडे जास्त होते, आणि सर्वांत गरीब जिल्हे गुन्ह्यांत पुढे नव्हते.

इथे आकड्यांचे दोन सापळे लक्षात ठेवायला हवेत. पहिला, वस्तीचा आकडा माणसाला लावणे. १९५० मध्ये रॉबिन्सनने अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेतून दाखवले की परदेशात जन्मलेले आणि निरक्षर यांचा सहसंबंध राज्यांच्या पातळीवर उणे ०.५३ येतो, पण माणसांच्या पातळीवर अधिक ०.१२. चिन्हच उलटे! म्हणून गरीब वस्तीत गुन्हे जास्त दिसले तरी तिथला गरीब माणूसच गुन्हेगार, असे ठरत नाही.

दुसरा सापळा आपल्यासारख्या विरळ वस्तीच्या जंगल तालुक्याचा. ५,००० वस्तीत वर्षात एक खून झाला तर दर लाखामागे २० होतो, दोन झाले की ४०, आणि पुढच्या वर्षी शून्य. अशा वर्षावर शेरा मारणे म्हणजे एका पावसावरून पावसाळा मोजणे. निदान दहा-वीस वर्षांची सरासरी घ्यावी.

हा नुसता गणिताचा वाद नाही. १८७१ च्या कायद्याने माणूस न पाहता सबंध जमातींना 'गुन्हेगार' ठरवले. पुढे सोलापूर, हुबळीसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या. तो शिक्का पुसायला १९५२ साल उजाडावे लागले. कागदावर टक्केवारी लिहिणाऱ्याच्या हातून किती मोठा अन्याय होतो, ते यातून दिसते.

म्हणून जुने गॅझेटियर चाळताना एवढे विचारावे: गुन्हा कशाविरुद्ध होता, माणसाविरुद्ध की कर्जखताविरुद्ध? देणेकरी आणि घेणेकरी किती जवळ राहत होते? आणि आकडा किती माणसांवरून काढला? गरिबी हे यातले एकच खाते आहे, सबंध चोपडी नव्हे.